दोन सह्या

घर घेण्यापेक्षा घर विकणे सोपे, असा माझा परवापरवापर्यंत समज होता. घेताना पैसा उभा करावा लागतो, विकताना तो आपल्या पायांनी चालत येतो. घेताना मनुष्य तरुण असतो आणि त्याला काही कळत नसते; विकताना आपल्याला सारे कळते अशी त्याची समजूत असते. या समजुतीच्या भरवशावर मी यंदा वसंतात आमचे एडिसनचे घर विक्रीला काढले. एडिसन म्हणजे न्यू जर्सीतले ते गाव, जिथल्या ओक ट्री रोडवर परकर-पोलक्यापासून पातरवडीपर्यंत सारे काही मिळते. १९९१ साली हे घर घेतले. जवळजवळ तीन तपे त्यात राहिलो. आता ते विकायचे, पुण्यात कोथरूडच्या बाजूला तीन खोल्यांची जागा घ्यायची, आणि उरलेले दिवस आपल्या माणसांत, आपल्या भाषेत काढायचे, असा आमचा बेत होता. 'आमचा' हा शब्द मी येथे सवयीने लिहिला आहे. तो बरोबर आहे की नाही, याचाच विचार करायला बसलो आहे.

घर विकायचे म्हणजे आधी ते आपले नाही असे दाखवावे लागते. आमची दलालीणबाई मोठी हुशार. तिने पहिल्याच दिवशी सांगितले, "भिंतींवरचे फोटो काढा. पाहायला येणाऱ्याला तिथे स्वतःची मुले दिसली पाहिजेत, तुमची नव्हे." मग मुलीच्या पदवीदानाचे चित्र गेले, आईवडिलांचे गेले. देव्हारा कपाटात गेला. स्वयंपाकघरात महिनाभर फोडणी बंद. हिंगाचा वास म्हणे भिंतीला धरतो आणि किमतीतून वजा होतो. एक माणूस यंत्र घेऊन परसदारी फिरून गेला. इकडे जुन्या घरांच्या अंगणात पूर्वी तेलाच्या टाक्या पुरलेल्या असत. त्या गळल्या तर जमीन साफ करण्याचा खर्च मालकाच्या बोडक्यावर बसतो, म्हणून गिऱ्हाईक आधी जमिनीखाली काय पुरले आहे ते पाहून घेते. आमच्या अंगणात काही निघाले नाही. ही दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "बरे झाले. जमिनीखालचे यंत्राला तरी कळते."

मी हसलो. त्या वेळी मला ते नुसते चातुर्य वाटले.

आता कायद्याचे थोडे सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणात मला खरी अडचण कायद्यानेच दाखवून दिली. न्यू जर्सीत नवराबायकोने मिळून घर घेतले की बहुधा ते एका विशेष प्रकारच्या मालकीने घेतले जाते. जुन्या इंग्रजी कायद्यातून आलेली ही कल्पना अशी, की पतिपत्नी हे दोन मालक नव्हेतच. दोघांचा मिळून एकच मालक. अर्धे तुझे, अर्धे माझे असा हिशेब त्यात नाही. सगळे घर त्याचे आणि सगळे घर तिचे. एक गेला की उरलेल्याचे ते आपोआप पूर्ण होते, कारण त्याचे ते आधीच पूर्ण होते. दुसऱ्याच्या लेखी संमतीवाचून एकाला त्यात काही फेरफार करता येत नाही. आपल्याकडे अर्धांगी म्हणतात, पण सातबाऱ्यावर ते अर्धे अंग क्वचित दिसते. इथे अर्धे अंगच नाही, सबंधच्या सबंध दोन अंगे एका देहात! हे प्रथम वाचले तेव्हा मला कायदेपंडितांच्या काव्यशक्तीचे कौतुक वाटले होते.

पण या एका मालकाला सह्या मात्र दोन लागतात. ही मेख आहे.

गिऱ्हाईक लवकर मिळाले. तरुण जोडपे, एक मूल, दुसरे वाटेवर. हल्ली साठेखतावर शाई लागत नाही. कागद फोनवर येतो, त्यावर बोट टेकवले की सही. मला आला, मी टेकवले. हिचा तिला वेगळा आला. एक दिवस गेला. दलालीणबाईचे दोन फोन झाले. मी विचारले, "अग, सही राहिली का?" "करते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी गुरुवारी संध्याकाळी, भात उतरवून हात पुसत पुसत तिने बोट टेकवले आणि फोन फळीवर ठेवला. "झाले," म्हणाली. त्या 'झाले'त कसलाच सूर नव्हता. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तिचे पुष्कळ सूर ओळखू येऊ लागले आहेत. बिनसुराची ती मला अनोळखी होती.

न्यू जर्सीत दलालाने लिहिलेल्या अशा साठेखताला एक सोय असते. दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन कागद पोचल्यावर कामकाजाचे तीन दिवस तो वकिलाकडे तपासायला असतो. तेवढ्या मुदतीत वकिलाने नापसंती कळवली तर करार मोडतो. मध्ये शनिवार-रविवार आला, म्हणून आम्हाला तीनाचे पाच मिळाले. शहाण्या माणसाने ते पाच दिवस खोके बांधण्यात घालवले असते. मी शुक्रवारी रात्री जेवताना तिला विचारले, "तुला जायचे आहे ना?"

ती म्हणाली, "सही केली ना मी?"

"ते नव्हे. तुला जायचे आहे का?"

तिने वाडगा खाली ठेवला. "हे तुम्ही आज विचारता आहात. आजवर तुम्ही मला सांगत आलात, आणि मी काय म्हणते ते ऐकून घेत आलात. ते विचारणे नव्हे."

मग ती बोलली. भांडली नाही, नुसती बोलली, आणि ते फार वाईट असते. १९८४ साली ती इथे आली तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होती. आमचे लग्न आदल्या वर्षी पुण्यात झालेले. मी कागदपत्रे करून तिला बोलावून घेतले. तिला बर्फ माहीत नव्हता, मोटार चालवता येत नव्हती, आणि दिवसभर बोलायला माणूस नव्हते. "इथे यायची इच्छा तुमची होती," ती म्हणाली. "ती माझी व्हायला मला बारा वर्षे लागली. ती आता माझी आहे. आणि आता तुम्ही म्हणता, चला." गावच्या ग्रंथालयात तिने बावीस वर्षे नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही बुधवारी सकाळी ती तिथे लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते. कोरियन, गुजराती, पोलिश, कसलीही मुले. रस्त्यात तिला हाक मारणारी माणसे मला हाक मारणाऱ्यांपेक्षा अधिक आहेत. "पुण्यात मी कोणाची तरी मुलगी होते, मग कोणाची तरी सून झाले," ती म्हणाली. "सुट्टीत जाते तेव्हा अजून मी सूनच असते. पासष्टाव्या वर्षी मला पुन्हा तिथे सून म्हणून राहायला जायचे का, हे तुम्ही विचारायला हवे होते."

मी म्हणालो, "मग सही का केलीस?"

"तुम्हाला फार जायचे आहे म्हणून."

रात्री मला झोप आली नाही. वाचकांपैकी ज्यांना अशा वेळी झोप येते त्यांनी पुढचा मजकूर वाचला नाही तरी चालेल.

प्रश्न असा आहे. संमती दोन प्रकारची असते. एक, 'मला हे हवे आहे' अशी. दुसरी, 'तुम्हाला हवे आहे ते मला चालेल' अशी. कागदावर दोन्ही सह्या सारख्याच उमटतात. कायद्याला फरक कळत नाही आणि कळूही नये. नाहीतर जगात एकही घर विकले जाणार नाही. पण नवऱ्याने कायद्याइतकेच आंधळे असावे का? दुसऱ्या प्रकारची सही मला मिळाली आहे हे एकदा कळल्यावर ती स्वीकारण्याचा मला अधिकार आहे का?

आमच्या पिढीचे उत्तर तयार आहे: संसार म्हणजे तडजोड. ते खोटेही नाही. दुसऱ्या प्रकारच्या संमतीवर तर संसार उभा असतो. मी कारल्याची भाजी खातो, हिच्या मैत्रिणींच्या यजमानांबरोबर हवापाण्याच्या गोष्टी करतो, ते काय मला हवे म्हणून? प्रत्येक वेळी दोघांची स्वतंत्र, सोवळी इच्छा असली पाहिजे असा हट्ट धरला तर लग्न ही भागीदारीची पेढी होईल, आणि पेढ्यांचे पुढे काय होते ते आपण पाहतो. कोणी किती सोसले याची वही घरात नसावी, हे मी कितीतरी वेळा इतरांना सांगितले आहे. त्या रात्री प्रथमच माझ्या ध्यानात आले, की हिशेब ठेवू नये असे मोठ्या आवाजात सांगणारा मनुष्य बहुधा देणेकरी असतो. कारल्याची भाजी आणि देश बदलणे या एका वहीतल्या रकमा नव्हेत. आणि दर मोठ्या रकमेच्या वेळी दुसऱ्या प्रकारची सही एकाच हाताची असेल, तर त्याला तडजोड म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

लहानपणी आमचे एक शास्त्रीबुवा बृहदारण्यकातली याज्ञवल्क्याची कथा सांगत. वानप्रस्थाला निघताना तो मैत्रेयीला म्हणतो, मी आता हे स्थान सोडून जाणार; तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. मैत्रेयी विचारते, सगळी पृथ्वी धनाने भरून मला दिलीत तर मी अमर होईन का? नाही, तो म्हणतो. मग ते घेऊन मी काय करू? आणि मग तो तिला आत्म्याचे ज्ञान सांगतो. पती पतीसाठी प्रिय नसतो, पत्नी पत्नीसाठी नसते, आपल्या आत्म्यासाठीच ती प्रिय असतात, असे ते कठोर, सुंदर बोलणे. शास्त्रीबुवा इथे डोळे मिटत. आम्हीही मिटत असू.

परदेशातून परत निघालेला साठी उलटलेला मनुष्य स्वतःला याज्ञवल्क्य समजू लागतो. घरदार विकायचे, वस्तू वाटून टाकायच्या, मागे वळून पाहायचे नाही. मीही समजत होतो. पण त्या रात्री मला आठवली ती कात्यायनी. उपनिषद तिच्याविषयी एवढेच सांगते, की चारचौघी बायकांना असते तेवढी समज तिला होती. ती काही विचारत नाही, तिला कोणी काही विचारत नाही. घर तिच्या वाट्याला आले असेल. याज्ञवल्क्य निघाला तेव्हा दूध उतू जाऊ नये म्हणून ती आत असेल. तिने हो म्हटले होते का? तिला हवे होते का? हजारो वर्षे आपण मैत्रेयीच्या प्रश्नाला माना डोलावत आलो. कात्यायनीलाही प्रश्न असेल हे कोणाच्या मनात आले नाही. मला वाटत होते, आपल्या घरात मैत्रेयी आहे. मी तिला वागवत होतो कात्यायनीसारखे.

शनिवारी आम्ही रोझेलवरून गेलो, काही सामान द्यायचे होते म्हणून. हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघून अमेरिकेत आल्या त्या या रोझेलला, कार्पेंटर कुटुंबात. त्यांच्या बाबतीत हाच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. शिकवण्याचा ध्यास गोपाळरावांचा. अमेरिकेची खटपट प्रथम सुरू केली ती त्यांनी. अभ्यासावरून त्यांचा मार खाणारी ती लहान मुलगी. मग ही इच्छा कोणाची? त्यांची की तिची? पण निघण्यापूर्वी सेरामपूरला भर सभेत त्या अठराव्या वर्षाच्या आत उभ्या राहिल्या आणि मी का जाते, एकटी का जाते, हे त्यांनी स्वतः सांगितले. गोपाळराव पुढे आले, त्या आधी गेल्या. दुसऱ्याने पेरलेली इच्छा आपल्यात रुजू शकते, आणि रुजली की ती पेरणाऱ्याची राहत नाही. १८८६ साली फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या. परत गेल्या, आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे आली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या जागेत ती आहे. मी गाडी चालवता चालवता हे सारे हिला सांगत होतो. ग्रंथालयात बावीस वर्षे काढलेल्या बाईला! ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. बारा वर्षे लागली म्हणाले ना, ती हीच."

मला पुण्याला का जायचे आहे, हेही मी त्या दिवसांत स्वतःला विचारले. उत्तर फार गौरवाचे आले नाही. १९९६ साली आम्ही अमेरिकेचे नागरिक झालो तेव्हाच भारताचे नागरिकत्व संपले. आता परदेशस्थ भारतीयाचे कार्ड आहे. त्यावर हवे तितके दिवस राहता येते, फ्लॅट घेता येतो. पण मत देता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वाईकडे चार गुंठे घेऊन आंबे लावण्याचे माझे स्वप्न तिथेच संपते. इकडचे म्हातारपणचे सरकारी पेन्शन तिकडे मिळेल, पण दवाखान्याचा सरकारी विमा, मेडिकेअर, तिकडे चालणार नाही. मुलगी कॅलिफोर्नियात, तिच्या नि आमच्या घड्याळांत आज तीन तासांचे अंतर आहे, ते बारा-तेरा तासांचे होईल. हे सगळे मी कागदावर मांडले होते, त्याची बेरीजही केली होती. न मांडलेले एकच होते: पुण्यात मला कोणी तरी 'अरे' म्हणावे असे वाटते. तसे म्हणणारे आता दोघेच उरले आहेत, आणि त्यांतल्या एकाला ऐकू येत नाही.

रविवारी मी उदार झालो. म्हणालो, "आपण वकिलाला सांगून करार मोडू. तुझ्या मनाविरुद्ध मला काही करायचे नाही. राहू इथेच."

मला वाटले होते, तिचे डोळे भरून येतील. ती रागावली. इतकी रागावलेली मी तिला पाहिली नव्हती. "म्हणजे आता तुम्ही माझ्यासाठी सोडणार, आणि मी तुमचे ते सोडणे वीस वर्षे उरावर घेऊन हिंडणार! दर पावसाळ्यात तुम्ही खिडकीत उभे राहून सुस्कारा टाकाल, तो मला ऐकू येईल. माझे मी सोसले ते तुम्हाला कळू दिले नाही. तुमचे तुम्ही गाजवून सोसणार."

हे मात्र अगदी खरे होते. त्यागाचे ओझे करणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यावर अधिक पडते, आणि ज्याला ते नको आहे त्याच्यावर तो लादणे हाही जुलूमच. मी तिची सही घेऊन एक चूक केली होती. ती परत करून दुसरी करायला निघालो होतो. दोन्ही वेळा ठरवणारा मीच.

खूप वेळ कोणी बोलले नाही. मग तिने शांतपणे एक गोष्ट दाखवली, जी माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानातून निसटली होती. "घर विकायला मी कधी नाही म्हटले?" तिने विचारले. "जिना चढवत नाही, बर्फ उपसायला माणूस मिळत नाही, चार खोल्या नुसत्या झाडायच्या. घर विकू या. सही मी त्याची केली. जाण्याची सही तुम्ही त्यातच धरलीत."

दोन प्रश्न होते. मी त्यांची एक गाठ मारली होती आणि एका बोटाने ती पक्की करून घेतली होती. घर विकणे, आणि कुठे जाणे. जाण्याची इच्छा इतकी जुनी, इतकी ओळखीची झाली होती, की ती मला विचारण्याजोगी वाटेचना. विकले की जायचेच, जसे जेवले की आचवायचे.

मधल्या काळात कराच्या हिशेबनिसाकडे एक खेप झाली होती. राहत्या घराच्या विक्रीत नफा झाला तर इकडे एकट्याला अडीच लाख डॉलर आणि एकत्र विवरण भरणाऱ्या पतिपत्नीला पाच लाख डॉलरपर्यंत कर माफ असतो; १९९७ पासूनचा हा नियम. त्यात अट अशी: मालक म्हणून दोघांपैकी एकाचे नाव असले तरी भागते, पण गेल्या पाच वर्षांतली निदान दोन वर्षे त्या घरात राहिलेले मात्र दोघेही असले पाहिजेत. हिशेबनीस तरुण होता, घडाघडा सांगून गेला. एक मेला तर उरलेल्याला दोन वर्षांपर्यंत पाच लाखांची सवलत मिळते, हेही त्याने तशाच आनंदाने सांगितले. तेव्हा मी आकडे टिपून घेतले. आता मला ती अट आठवली. कायद्यालाही शेवटी राहिलेले दोघे लागतात. नाव एकाचे चालते. माझे नाव सगळीकडे होते. पण त्या घरात राहिलो होतो का मी? संध्याकाळी सातला येत होतो, पुण्याच्या बातम्या ऐकत होतो, पुण्याचे वर्तमानपत्र वाचत होतो. राहिली ती.

मंगळवारी मुदत संपली. वकिलाने दोन किरकोळ कलमे बदलली; आम्ही काही कळवले नाही. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा ते घर दुसऱ्यांचे झालेले असेल, आणि भिंतींवर त्यांची मुले लागली असतील. आमच्यासाठी याच गावात, ग्रंथालयापासून चालत जाता येईल अशी, दोन खोल्यांची भाड्याची जागा पाहिली आहे. एक वर्षाचा करार. थंडीचे तीन महिने पुण्याला, तेही भाड्याच्या घरात; कोणाकडे पाहुणे म्हणून नाही आणि कोणाची सून म्हणून तर नाहीच. ही अट तिची. तीन महिन्यांनी ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. मी काय म्हणेन तेही आता मला पूर्वीसारखे माहीत नाही. कोथरूडच्या जागेचा नोंदणीचा कागद माझ्या खणात आहे. पहिल्या अर्जदाराची सही त्यावर कधीच झालेली आहे. दुसऱ्या अर्जदाराच्या रकान्यात काही नाही, आणि तो कागद मी टेबलावर काढून ठेवत नाही.

कढीलिंबाच्या कुंडीचे मात्र ठरले. इकडच्या हिवाळ्यात तिला घरात, दक्षिणेच्या खिडकीशी ठेवावे लागते. वीस वर्षे ही ते करत आली आहे. नव्या जागेला तशी खिडकी आहे की नाही, हे पाहायला ती काल दुपारी एकटीच मोटार घेऊन जाऊन आली. मला विचारले नाही.